दुसरी उमेदवारी

राईट टाऊन, जबलपूर

चि. अनिकेत,


तू पाठवलेला गुडघ्याचा रिपोर्ट आणि त्याखालचा मजकूर, दोन्ही वाचलं. लिगामेंटचं ऑपरेशन झालं तरी पूर्वीच्या वेगाने खेळता येईल अशी खात्री डॉक्टर देत नाहीत, त्यात क्लबाने करार वाढवला नाही. घरात सगळेच गप्प झाले. तुझ्या आईशी माझं सविस्तर बोलणं झालं आहे, तिची काळजी तू करू नकोस. पण शेवटी तू लिहिलंस की आता सरळ कोच होणार, खेळ तर येतोच, मग शिकवायला वेगळं काय लागतं. हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे. कोच होऊ नकोस असं मी म्हणत नाही, जरूर हो. त्याआधी एका माणसाची हकिगत नीट वाच. मडगावजवळच्या ज्या फातोर्डाच्या स्टेडियममध्ये तू तिकीट काढून मॅच बघायला जायचास, तिथेच ती घडली आहे.

कार्लोस पेन्या हा सालामांकाचा, जन्म 1983 चा. सालामांका स्पेनमध्ये फुटबॉलपेक्षा तेराव्या शतकातल्या विद्यापीठासाठी ओळखलं जातं. पोरगा बार्सिलोनाच्या तालमीत वाढला आणि क्लबाच्या ब संघापर्यंत पोचला. पुढचं दार मात्र उघडलं नाही. त्या काळात पहिल्या संघात रोनाल्डिन्हो, शावी, पुयोल अशी मंडळी होती, तिथे ब संघातल्या बहुतेकांच्या वाट्याला बाहेरची वाटच येते. पेन्याने ती धरली. आधी अल्बासेते, मग वायादोलिद, पुढे आणखी क्लब. बराचसा काळ दुसऱ्या विभागात गेला, अधूनमधून पहिल्या विभागातही तो खेळला. लेफ्ट बॅकची जागा. वर्तमानपत्रात फोटो क्वचितच येतो आणि चूक झाली की मात्र नाव हमखास छापलं जातं, अशी ती जागा आहे. तू स्वतः बॅक आहेस, तुला हे सांगायला नको.

2018 मध्ये, वयाची पस्तिशी गाठलेला असताना, तो एफसी गोवाकडे आला. त्या वेळी कोच होता सर्जिओ लोबेरा, तोही स्पॅनिश आणि बार्सिलोनाच्याच तालमीतून आलेला. लोबेराच्या संघात गोलकीपर चेंडू लांब मारून मोकळा होत नसे. चेंडू जमिनीवरूनच पुढे न्यायचा, त्यामुळे पहिला पास स्टॉपरचा. पेन्याला त्याने कडेवरून आत आणलं आणि सेनेगलच्या मुर्तादा फॉलशेजारी उभं केलं. फॉल उंचापुरा, हवेतला चेंडू त्याचा, जमिनीवरचा चेंडू पेन्याचा. पुढे एदू बेदिया, अहमद जाहू, ब्रँडन फर्नांडिस आणि गोल करायला कोरो. डाव्या बाजूला म्हापशाचा मंदार राव देसाई. मंदार मुळात विंगर, त्याला लोबेराने बॅक केलं. ते गोवा बघताना मला वाटायचं, आपल्याकडेही असा फुटबॉल खेळता येतो तर!

17 मार्च 2019 ला मुंबईत आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, अंतिम सामना झाला, गोव्यासमोर बेंगळुरू. नव्वद मिनिटं गोल नाही. जादा वेळेत 117 व्या मिनिटाला कॉर्नरवर मुंबईच्याच राहुल भेकेने डोक्याने चेंडू आत घातला आणि संपलं. पुढच्याच महिन्यात भुवनेश्वरला याच गोव्याने चेन्नईयिनला 2-1 ने हरवून सुपर कप जिंकला, तो क्लबाचा पहिला करंडक. त्यानंतरच्या मोसमात संघ गुणतक्त्यात वर असतानाच जानेवारीअखेर लोबेराला काढलं आणि जबाबदारी क्लिफर्ड मिरांडाकडे आली. क्लिफर्ड गोव्याचाच, डेम्पोकडून आणि भारताकडून खेळलेला. 19 फेब्रुवारी 2020 ला गोव्याने जमशेदपूरला 5-0 हरवलं, साखळीत पहिला क्रमांक पक्का केला आणि एशियन चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत जाणारा पहिला भारतीय क्लब असा मान मिळवला. उपांत्य फेरीत चेन्नईयिनपुढे हरले. मग कोरोना आला. पेन्याने बूट काढले.

इथपर्यंत हकिगत खेळाडूची. तू नेमका इथेच उभा आहेस, फक्त वयाने बराच आधी.

एप्रिल 2022 मध्ये एफसी गोवाने त्याच पेन्याला मुख्य कोच म्हणून परत आणलं. वरकरणी याहून चांगली निवड कोणती? क्लब ओळखीचा, मैदान ओळखीचं, लोक प्रेम करणारे. आदल्या मोसमात संघ नववा आला होता, कोच हुआन फेरांदो मोसमाच्या मध्येच कोलकात्याच्या क्लबाकडे गेला होता आणि डेरिक परेराने कसंबसं सावरून धरलं होतं. कोरोनामुळे दोन मोसम सगळी स्पर्धा गोव्यातच भरली, पण जवळजवळ सगळी रिकाम्या स्टेडियममध्ये. आता प्रेक्षक परत येणार होते. 12 ऑक्टोबर 2022 ला कोलकात्यात ईस्ट बंगालविरुद्ध पहिला सामना झाला. 1-1 अशी बरोबरी असताना जादा मिनिटांत एदू बेदियाच्या फ्री किकने सामना जिंकून दिला. सुरुवात तर झकास झाली.

पण मोसम लांब असतो. त्या वर्षी पहिल्या सहा संघांना पुढच्या फेरीत जागा होती. 23 फेब्रुवारी 2023 ला बेंगळुरूमध्ये शेवटचा साखळी सामना, जिंकलं तर आत. गोवा 3-1 ने हरलं आणि सातवं राहिलं. सहावी जागा ओडिशाला गेली. मोसम संपल्यावर क्लबाने पेन्याला निरोप दिला.

पेन्या कच्चा कोच होता असा अर्थ यातून काढू नकोस. नवव्यावरून सातव्यावर आणणं ही प्रगतीच आहे आणि एका मोसमावरून माणूस तोलणं मला पटत नाही. पण ज्या गोव्यात तो खेळला ते गोवा त्याच्या हाती आलंच नव्हतं. फॉल, जाहू, मंदार केव्हाच लोबेराच्या मागे मुंबईला गेले होते आणि 2020-21 मध्ये मुंबईने साखळी आणि करंडक दोन्ही मारलं होतं. शिवाय बेदिया, ब्रँडन हे कालपर्यंत त्याच्याबरोबर एका बाकावर बसून बुटांच्या नाड्या बांधणारे. उद्या त्यांच्यातल्या कुणाला बाहेर बसवायचं, कुणाला पंच्याहत्तराव्या मिनिटाला परत बोलवायचं, हे याने ठरवायचं. खेळाडू म्हणून तुझी काळजी तुझ्या दहा पावलांच्या पट्ट्याची असते. कोचला अख्ख्या संघाची, बाकावर नाराज बसलेल्या सात-आठ जणांची, मालकाची, डॉक्टरची आणि पुढच्या शनिवारची काळजी एकाच वेळी करावी लागते. पंगतीत जेवणाऱ्याला चव कळते, म्हणून दोनशे पानांचा स्वयंपाक त्याच्या हाती देत नाहीत.

आता त्याच्या जागी कोण आलं ते बघ, कारण तुला सांगायचं आहे ते खरं तिथे आहे.

मानोलो मार्केझ, जन्म 1968, बार्सिलोनाचा. खेळाडू म्हणून त्याचं नाव मोठं झालं नाही. कोच म्हणून त्याने स्पेनच्या खालच्या विभागांत वर्षानुवर्षं काढली. बादालोनासारखे क्लब, एस्पान्योलचा ब संघ, मग लास पाल्मासचा ब संघ. या क्लबांत कोचला नोकर-चाकर नसतात, सरावाचे शंकू स्वतः मांडायचे आणि स्वतःच गोळा करायचे. 2017 मध्ये लास पाल्मासच्या पहिल्या संघाची जबाबदारी मिळाली, म्हणजे थेट ला लिगा. सहा सामन्यांनंतर त्याने राजीनामा दिला. त्या वेळी वय पन्नाशीच्या उंबरठ्यावर. तिथून क्रोएशिया, थायलंड आणि 2020 मध्ये हैदराबाद. आदल्या मोसमात हैदराबाद गुणतक्त्यात तळाला होतं.

त्या हैदराबादेत त्याने काय केलं? मोठ्या नावांवरच भिस्त ठेवली नाही, पोरांना खेळवलं. आकाश मिश्रा, आशिष राय हे बॅक तिथे मोठे झाले. गोव्यातल्या दवर्लीचा लिस्टन कुलासो एफसी गोवामध्ये बहुतेक वेळ बाकावर असायचा, मार्केझने त्याला सलग सामने दिले आणि सगळ्या देशाने त्याची धाव पाहिली. पहिल्या वर्षी हैदराबाद पाचवं आलं. दुसऱ्या वर्षी, 20 मार्च 2022 ला, फातोर्डालाच केरळा ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून विजेतं झालं. तिसऱ्या वर्षी साखळीत दुसरं.

2023 मध्ये तो पेन्याच्या खुर्चीवर आला आणि तोच क्लब एका मोसमात तिसऱ्या क्रमांकावर नेला. त्याच मोसमातली 24 एप्रिल 2024 ची उपांत्य लढत तुला पाठ असेल. फातोर्डा गच्च भरलेलं, बोरिस सिंग आणि ब्रँडनच्या गोलांमुळे गोवा 2-0 पुढे, नव्वदावं मिनिट लागेपर्यंत. तिथून मुंबईने सहा-सात मिनिटांत तीन गोल केले, दोन छांगतेचे आणि एक विक्रम प्रतापचा. 2-3. असा सामना हरल्यावर कितीतरी संघ वर्षभर उठत नाहीत. मार्केझ पुढच्या मोसमात तोच सराव, तीच शिस्त घेऊन उभा राहिला. संघ साखळीत दुसरा आला आणि 3 मे 2025 ला भुवनेश्वरात जमशेदपूरला 3-0 हरवून त्याने सुपर कप आणला.

मधल्या काळात, जुलै 2024 पासून, तो भारताच्या राष्ट्रीय संघाचाही कोच होता, क्लब सांभाळून. तिथे आठ सामन्यांत एकच विजय मिळाला, मालदीवविरुद्ध शिलाँगला. हाँगकाँगकडून हरल्यावर तो करार संपला. म्हणजे लीगचा विजेता कोचसुद्धा वेगळ्या कामात अडखळतो. राष्ट्रीय संघात पोरं महिन्या-दोन महिन्यांनी चार दिवस भेटतात, रोजच्या सरावावर संघ घडवणाऱ्या माणसाला तिथे हात बांधल्यासारखं होतं, असं माझं मत. तो गोव्याला परतला आणि ऑक्टोबर 2025 मध्ये सौदीच्या अल नस्रविरुद्ध फातोर्डाला गोवा 1-2 हरलं तरी तो एक गोल आपल्या गोव्याच्या ब्रिसन फर्नांडिसचा होता. त्या संध्याकाळी मला फार आनंद झाला.

पेन्याजवळ मोठी खेळाडूगिरी होती, मार्केझजवळ मोठी उमेदवारी. दोन्ही एकाच माणसात असतील तर उत्तमच. पण दुसरी नसेल तर पहिली फार काळ पुरत नाही. हे स्पॅनिश लोकांपुरतं आहे असंही समजू नकोस. राष्ट्रीय संघात मार्केझच्या जागी ऑगस्ट 2025 मध्ये आला तो खालिद जमील. महिंद्र युनायटेडचा हा मिडफिल्डर, दुखापतींनी खेळ अडखळला तेव्हा मुंबई एफसीमध्ये कोचिंगला लागला आणि तुटपुंज्या साधनांत वर्षानुवर्षं तो संघ सांभाळत राहिला. 2016 मध्ये तिथून नारळ मिळाला, तर तो मिझोरामला ऐझॉलला गेला. ऐझॉल आदल्या मोसमात खालच्या विभागात घसरलं होतं, गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून त्याला परत जागा मिळाली होती. 30 एप्रिल 2017 ला त्याच ऐझॉलने आय-लीग जिंकली. आणि क्लिफर्ड? गोव्यातून बाहेर पडून तो ओडिशात दुसऱ्याच्या हाताखाली सहायक म्हणून राबला. 2023 मध्ये हंगामी कोच म्हणून संधी मिळताच एप्रिलमध्ये सुपर कप जिंकला. पेन्याच्या हातून निसटलेली सहावी जागा ज्या ओडिशाने घेतली होती, तेच हे ओडिशा.

आता तुझ्याकडे वळते. तुझ्या खेळाचा उपयोग होणारच नाही असं नाही, पण तो कुठे होतो ते समजून घे. रोंडो तू शेकडो वेळा खेळला असशील. आठ-दहा पावलांचा चौकोन, कडेला चार, मध्ये दोघं. कडेच्यांनी चेंडू फिरवायचा, मधल्यांनी पकडायचा, ज्याचा पास कापला तो आत. खेळाडू म्हणून तुझी नजर चेंडूवर. कोचची नजर, चेंडू यायच्या आधी, ज्याच्याकडे तो येणार आहे त्याच्या पायांवर हवी. पोरगा छाती सरळ धरून उभा राहिला की चेंडू थांबवायला एक टच आणि वळायला दुसरा टच लागतो, तेवढ्यात मधला अंगावर येतो. तोच पोरगा अर्धा वळून, मागचा पाय मोकळा ठेवून उभा राहिला तर एका टचमध्ये चेंडू पलीकडे जातो. तुझ्या अंगात हे इतकं मुरलं आहे की तू ते कसं करतोस हे तुला सांगता येणार नाही. मी शाळेत इतकी वर्षं खेळ शिकवले, त्यात चांगल्या खेळाडूंची हीच अडचण पाहिली. ते ओरडतात, “अरे, दे ना लवकर!” पोराला लवकर द्यायचंच असतं, कसं ते माहीत नसतं. खेळ कुठे थांबवायचा, किती बोलायचं, आणि चूक दिसली तरी कधी गप्प राहून पोराला स्वतः शोधू द्यायचं, हे वेगळं शिक्षण आहे आणि ते शंकू मांडता मांडताच मिळतं.

गेल्या महिन्यात रांझीकडे एका मैदानावर थांबले होते. दहा-अकरा वर्षांची बावीस पोरं, मोठ्यांचं पूर्ण मैदान, मोठ्यांचाच पाच नंबरचा चेंडू. शिट्टी वाजवणारा गृहस्थ मनाचा चांगला, फॅक्टरीतली नोकरी सांभाळून संध्याकाळी येतो, पैसे घेत नाही. पण उजव्या कडेला एक लहानखुरा मुलगा होता, सारखा धावत होता, आणि मी उभी होते तोवर चेंडू त्याच्याकडे आलाच नाही. तीच पोरं चार-चारच्या गटांत, छोट्या गोलांवर, चार नंबरच्या चेंडूने खेळवली असती तर त्याच वेळात त्याला दर मिनिटाला चेंडू मिळाला असता. याला पैसा लागत नाही, माहिती असलेला माणूस लागतो. तो माणूस तू होऊ शकतोस.

आणि आपल्या भागात काही नाही ही तुझी जुनी तक्रार आता सोड. शहडोलचं विचारपूर इथून फार लांब नाही. त्या आदिवासी गावात माजी खेळाडू रईस अहमद यांनी पोरांना खेळाला लावलं आणि घराघरांतून राष्ट्रीय पातळीवरचे खेळाडू निघाले. लोक त्याला मिनी ब्राझील म्हणतात. जुलै 2023 मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचं नाव घेतलं तेव्हा साऱ्या देशाला ते कळलं, पण काम त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून चालू होतं. आधी तिथे जा, चार दिवस राहा, रईसभाईंना भेटता आलं तर भेट. सल्ला मागू नकोस, ते पोरांना शिकवताना कडेला उभा राहून बघ आणि वहीत लिही.

लायसन्सचं आजच बघायला घे. आधी डी लायसन्स, मग सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो. आयएसएलच्या मुख्य कोचला प्रो लागतंच. दोन पायऱ्यांच्या मध्ये प्रत्यक्ष संघ शिकवल्याचा अनुभव मागतात आणि हे फार बरं आहे. मोठ्या क्लबात खेळलो म्हणून मधली पायरी गाळायला मिळेल का, हे कुणाला विचारत बसू नकोस. डीच्या वर्गात तुझ्याशेजारी खेडेगावातला पी.टी. मास्तर बसेल, त्याला तुझ्याइतका चेंडू खेळवता येणार नाही, पण चाळीस पोरं एका रांगेत कशी उभी करायची हे त्याला तुझ्यापेक्षा चांगलं येत असेल. ते त्याच्याकडून शीक.

पैशांचंही स्पष्ट बोलते. पहिली दोन-तीन वर्षं शाळेच्या मानधनावर काढावी लागतील आणि ते थोडंच असतं. राहण्या-जेवण्याची चिंता तुला नाही, वरची खोली रिकामीच आहे. कुणी लगेच एखाद्या अकादमीत मुख्य कोच म्हणून तुझा फोटो फलकावर लावायला तयार झालं तर दोनदा विचार कर. त्यांना तुझी जर्सी हवी आहे, तुझं शिकवणं त्यांनी अजून पाहिलेलंच नाही.

गुडघ्याचे व्यायाम पूर्ण कर, घाईने काठी टाकू नकोस. कोचला वेगाने धावावं लागत नाही, पण दिवसाचे तीन तास उभं राहावं लागतं. इथल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका माझ्या ओळखीच्या आहेत. सकाळी सहा ते साडेसात मैदान द्यायला त्या तयार आहेत, बारा वर्षांखालच्या मुला-मुलींसाठी. अर्जावर कोचचं नाव लिहावं लागतं. सोमवारी मी तो अर्ज देणार आहे, तुझं नाव घालू का ते रविवारपर्यंत कळव, आणि चार नंबरचे चेंडू मडगावला स्वस्त मिळत असतील तर किंमत विचारून ठेव.

तुझी,
सुमनआत्या